इंदुआत्याचा हात आणि सात पुरचुंड्या

रावेत, १७ जानेवारी २०२५

ती. इंदुआत्या,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, अंगावर स्वेटर असतो. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

संक्रांतीला तू मला हलवा दिलास तेव्हा पाच दाणे खाली पडले. तू म्हणालीस, वाटी गुळगुळीत आहे. नंतर ती वाटी मीच घासली. ती गुळगुळीत नाही. मग चहा आणलास. कप बशीवर वाजत होता, तो आवाज स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. तू म्हणालीस, थंडी आहे. त्या दुपारी दिघीत एकोणतीस अंश तापमान होतं.

फोनवर विचारलं की तू विषय बदलतेस. कागदावर बदललेला विषय दिसतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी मला एक पत्र लिही. स्वतःच्या हाताने, काळ्या पेनाने, रेघा नसलेल्या कागदावर. कारण विचारू नकोस. चाकणच्या कारखान्यांत जाऊन वेल्डिंगचा धूर आणि रंगाची वाफ मोजणं हे माझं काम आहे, मला नोंदी ठेवायची सवय आहे.

दवाखान्यात तू नेमकं काय करतेस ते लिही. दाढेत भरायचं मिश्रण कोण तयार करतं, कशात, खिडकी उघडी असते का. तुझ्या नोकरीच्या सत्तावीस वर्षांत मी हे एकदाही विचारलं नाही, ही माझी चूक. अर्थात पहिली दोन वर्षं मी जन्मले नव्हते.

पत्र तुझ्या गल्लीतल्या ज्योतीरामकडे दे. तो चालवतो ती कंपनीची बस आमच्या प्रयोगशाळेच्या समोरच्या गेटला थांबते. टपालाने चार दिवस लागतात, त्याला पन्नास मिनिटं.

अबोली

*

दिघी, २५ जानेवारी

चि. अबोलीस आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्रात टोमणे मारायची रीत आपल्या घरात नव्हती, ती तू सुरू केलीस. माझी तब्येत एकदम छान आहे. एकदम नको, नुसतं छान लिही.

दवाखान्याचं विचारलंस. भोसरीत आमच्या अण्णासाहेबांइतका जुना दातांचा डॉक्टर नाही. बाकीचे सगळे आता पांढरं सिमेंट भरतात. आमच्याकडे अजून चांदी. चांदीची पूड आणि पारा एकत्र घोटायचा, मग मलमलच्या फडक्यात धरून पिळायचा. जास्तीचा पारा निथळतो, उरतो तो गोळा डॉक्टरांना द्यायचा. पूर्वी खलात घोटायचे. आता मशीन आहे, पण मशीनवर अण्णासाहेबांचा भरवसा नाही. ते म्हणतात, इंदुताई, शेवटचा हात तुमचाच. मग मी तळहातावर अंगठ्याने मळते. भाकरीचं पीठ मळावं तसंच. खिडकी बंद असते, एसी आहे ना.

एक बातमी आहे. ३१ मार्चला अण्णासाहेब दवाखाना सुनेच्या ताब्यात देणार. डॉक्टर अरुंधती म्हणजे हुशार बाई, पण तुझ्यासारखी, तोंडावरून काही कळत नाही. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं काम बघते आणि मग खुर्चीपाशी कोण उभं राहील ते ठरवते. तुझे काका गेल्यापासून ती खुर्चीच माझं घर आहे गं. हात थरथरतो हे लिहू नकोस दिव्या, पोरगी लगेच धावत येईल. लिहिलंस का? मग खोड ते.

तुझ्या कोठीतला गहू संपत आला असेल. यंदा भरशील तेव्हा सांग, नवी पुरचुंडी करून देते.

तुझी आत्या

*

रावेत, २९ जानेवारी

ती. आत्या,

दिव्याला माझा नमस्कार सांग. तुमच्या दवाखान्यात नावनोंदणी करते तीच ना? ती अत्यंत प्रामाणिक लेखनिक आहे. तू बोललीस ते सगळं तिने लिहिलं आहे, आणि खोड म्हणालीस तेव्हा एकच सरळ रेघ मारली आहे. खालचं स्पष्ट वाचता येतं. आमच्याकडेही चूक अशीच खोडायची असते, म्हणजे मूळ नोंद शिल्लक राहते.

आता कारण सांगते. मला पत्र नको होतं, तुझं अक्षर हवं होतं. हात थरथरत असेल तर अक्षरात दिसतं आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अक्षरांची तुलना करता येते. हे तुला न सांगता करणं बरोबर नव्हतं. तू दिव्याकडून लिहून घेणंही बरोबर नव्हतं. हिशेब मिटला असं समजू.

पारा खोलीच्या तापमानालाही उडतो. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही. श्वासातून ती रक्तात आणि तिथून मेंदूत जाते. वर्षानुवर्षं थोडी थोडी गेली तर आधी बोटं थरथरतात. मग झोप कमी होते, चिडचिड होते, विसरायला होतं, चार माणसांत जायला नको वाटतं. हे सगळं तुला होतंच असं मी म्हणत नाही. वयानेही हात थरथरतो. म्हणून मोजायला हवं.

सोबत एक कागद आहे. त्यावर मधल्या ठिपक्यापासून बाहेर वेढे काढत जा, हात टेबलाला न टेकवता. एक बाटलीही आहे. सकाळची पहिली लघवी, झाकण घट्ट, वर तुझं नाव. लघवीत पारा किती जातो त्यावरून अंगात किती आहे याचा अंदाज येतो. तुलनेसाठी मी माझाही नमुना देणार आहे. मी पाऱ्याचं काम करत नाही, त्यामुळे साधारण माणसाचा आकडा काय असतो ते तुला कळेल.

या वेळी स्वतः लिही.

अबोली

*

दिघी, ६ फेब्रुवारी

अबोली,

हे माझंच अक्षर आहे, पोटभर बघून घे. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी सुईत दोरा ओवून दाखव म्हटलं होतं. त्यानंतर परीक्षा घेणारी तू. त्या निदान समोर बसून घेत होत्या.

तुझी ती गोगलगाय काढली आहे. आतले दोन वेढे बरे आलेत, बाहेरचा बघशील तर वाटेल बसमध्ये बसून काढला. बसमध्ये काढलेला नाही.

विचारतेसच तर सांगते. दोन वर्षं झाली. थुंकी ओढायची नळी धरताना मी दोन बोटं पेशंटच्या हनुवटीवर टेकवते, मग हात हलत नाही. हललाच तर म्हणते, काका, घाबरू नका, अंग सैल सोडा. काका बिचारे माफी मागतात. मागच्या आठवड्यात अण्णासाहेब मध्येच थांबले आणि हळूच म्हणाले, "इंदुताई, कोण हलतंय, तुम्ही की मी?" मी म्हटलं, "खुर्ची." त्यांनी मेकॅनिक बोलावला. त्याने खुर्ची उलटीपालटी करून चार नट नवे घातले आणि म्हणाला, आता भूकंप झाला तरी हलणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

झोप लागत नाही हे खरं. चिडचिड होते हेही खरं, पण ती तुझ्या पत्रांमुळे.

डॉक्टर अरुंधती रोज येऊन कोपऱ्यात उभ्या राहतात. काही बोलत नाहीत, बघतात. आकडा काय येईल तो येऊ दे, पण तो त्यांच्यापर्यंत जाता कामा नये. दातांच्या दवाखान्यात हात हलणारी बाई म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

बाटली ज्योतीरामला दिली. आत काय आहे ते सांगितलं नाही.

आत्या

*

रावेत, १९ फेब्रुवारी

ती. आत्या,

बाटली पोचली. ज्योतीरामने ती रुमालात गुंडाळून स्टिअरिंगजवळ ठेवून आणली होती. माझ्या हातात देताना म्हणाला, "मॅडम, घरचा मध असेल तर ताईंना सांगा, आम्हालाही एक बाटली." मी सांगते म्हटलं. सांगितलं.

तुझा आकडा ४४ आला आहे. पाऱ्याचं काम करणाऱ्या माणसाचासुद्धा वीसच्या आत हवा. मी घाबरवत नाही, आकडा कळवते आहे. तुझा कागद आणि आकडा इथल्या एका डॉक्टरांना दाखवला, हे वयाचं थरथरणं नाही असं त्यांचंही मत पडलं. ते महत्त्वाचं आहे, कारण वय कमी करता येत नाही, पारा करता येतो.

दुसरी गोष्ट विचित्र आहे. माझा आकडा १४ आला. तो पाचच्या आत यायला हवा होता. मला वाटलं बाटल्यांवरची नावं बदलली. पुन्हा दिला, १४. दुसऱ्या पॅथॉलॉजीत दिला, १५.

म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत कुठेतरी पारा सांडलेला आहे. फुटक्या ट्यूबलाइट तपासायला येतात त्या कपाटावर माझा संशय आहे. आमचे प्रमुख श्याम सर यांना मी तीन पानी टिपण दिलं. त्यांनी तो विभाग दोन दिवस बंद ठेवला, फरशी धुऊन घेतली, कपाट सील केलं. कपाटाजवळ बसणारी माणसं आता डबा खायला माझ्यासोबत बसत नाहीत. मोजणीत कपाटाजवळ काही सापडलं नाही. मी दुसरं टिपण लिहिते आहे.

तू तळहातावर मळणं आजपासून बंद कर. अण्णासाहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. मनगट मुरगळलं आहे म्हण. खोटं बोलायचा सल्ला मी सहसा देत नाही.

अबोली

*

दिघी, २३ फेब्रुवारी

चि. अबोली,

चव्वेचाळीस वाचून बसले होते, पण तुझा चौदा वाचून उठले. तुला कशाला गं? बिनलग्नाची पोर, हवा मोजतेस, आणि तुझ्याच अंगात?

मनगट मुरगळल्याचं सांगितलं. अण्णासाहेब म्हणाले, माझंही मुरगळलंय बहुतेक.

मी काय तुला शिकवणार, पण त्या कपाटाच्या मागे लागू नकोस. नोकरी जाईल. तुझ्या घरी पारा असायचा संबंध नाही. माझ्याही घरी नाही. पारा दवाखान्यात असतो, घरी मी आणते ती चांदी.

ती तुला माहीतच आहे. पिळून, भरून जो गोळा उरतो तो फेकवत नाही. इतकी वर्षं बाटलीत जमवते. त्याला बोरिक पावडर लावून फडक्यात बांधायचं, कोठीत वरती एक पुरचुंडी ठेवायची. तुझ्या कोठीत मागच्या वर्षी मीच घातली ना, गहू भरायला आले होते तेव्हा. निघाला एक तरी किडा? बाजारात धान्यात घालायच्या पाऱ्याच्या गोळ्या मिळतात, त्या मी जन्मात वापरल्या नाहीत. विष असतं ते. चांदी शुद्ध.

स्वतःची आणि तुझी सोडून सात घरी दिलीय. डॉक्टर अरुंधतींकडे पिंपळे सौदागरला पहिला गहू मीच भरून दिला. तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला होता, इंदुताई, एक सोनकिडा नाही. त्या बाईच्या तोंडून एवढं एकच कौतुक ऐकलंय मी.

मध ज्योतीरामला मिळणार नाही असं सांग.

आत्या

*

रावेत, २५ फेब्रुवारी

आत्या,

कोठी उघडू नकोस. पुढचं सगळं वाचून होईपर्यंत तरी उघडू नकोस.

ज्याला तू चांदी म्हणतेस त्या गोळ्यात जवळपास निम्मा पारा असतो. पिळताना तो सगळा निथळत नाही. काल तुझं पत्र वाचून मी पाऱ्याची वाफ मोजायचं यंत्र घरी आणलं. कोठीचं झाकण उघडल्याबरोबर आकडा चढला. माझं घर एका खोलीचं आहे, कोठीला दुसरी जागा नाही, ती पलंगाच्या उशाशी आहे. वर्षभर मी तिच्यापासून दोन फुटांवर डोकं ठेवून झोपते आहे. याच वर्षी मी अकरा कारखान्यांत कामगारांना विचारलं की झोपायच्या जागेजवळ तुम्ही काही साठवता का. त्यांची उत्तरं माझ्या वहीत आहेत. मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

श्याम सरांना दोन ओळींचं पत्र दिलं की कपाट निर्दोष आहे आणि दोष माझ्या गव्हाचा आहे. त्यांनी ते सूचनाफलकावर लावलं. खाली कोणीतरी चपातीचं चित्र काढलं आहे.

आता करायचं ते. खिडक्या उघड. रबरी हातमोजे घालून पुरचुंडी काढ, प्लास्टिकच्या बरणीत टाक, वर पाणी, झाकण घट्ट. ती जमवलेली बाटलीही त्यातच. काही सांडलं तर झाडूने झाडू नकोस, बारीक थेंब घरभर होतात. मोरीत टाकू नकोस, जाळू नकोस. गहू खाऊ नकोस, पाखरांनाही घालू नकोस. मी सगळं घेऊन जाईन, असा कचरा घेणाऱ्यांकडे आम्ही पाठवतो.

आणि सातही घरांतून पुरचुंड्या परत आण. या आठवड्यात.

अबोली

*

दिघी, ६ मार्च

चि. अबोली,

आठ दिवस मी भिक्षेकऱ्यासारखी हिंडते आहे. दिलेली वस्तू परत मागायला गेलं की माणसं कशी बघतात ते तू एकदा बघ.

शेजारच्या दिपालीने लगेच काढून दिली, पण दारात उभी राहून म्हणाली, "मग आता किड्यांचं काय करू, तेही तुम्हीच सांगा." मी कडुलिंबाचा वाळलेला पाला सांगितला. ती म्हणाली, हे आधी सांगायचं होतं.

सोपानराव फौजी होते ना आपले, त्यांनी गव्हात घातलीच नव्हती. चांदी आहे म्हटल्यावर बायकोच्या पैंजणांच्या डब्यात ठेवली. म्हणाले, "ताई, दिलेली चांदी परत न्यायची तुमच्याकडे रीत असेल, आमच्याकडे नाही." मी म्हटलं त्यात विष आहे. तर म्हणाले, "मग आम्हाला दिलीत कशाला?"  शेवटी त्यांनी माझ्याकडून पोचपावती लिहून घेतली.

ज्योतीरामच्या घरी कोठीत नव्हती. त्याची बायको लाजत म्हणाली, यांनी बसमध्ये ठेवलीय, उंदीर वायरी कुरतडत होते म्हणून. स्टिअरिंगखालच्या खणात निघाली. आपली पत्रं तिच्यावरच ठेवून येत होती. त्याला आता वाटतंय की त्याचाही हात हलतो. गिअरवर ठेवलेला हात कोणाचाही हलतो असं मी सांगितलं.

एकूण सहा घरं झाली. बरणी मागच्या गॅलरीत ठेवली आहे. माझी कोठी रिकामी केली, पन्नास किलो खपली गहू होता गं.

डॉक्टर अरुंधतींकडे अजून गेले नाही. सोमवारी उपास होता. मंगळवारी त्यांच्याकडे पाहुणे असतील असं वाटलं. काल रिक्षा पिंपळे सौदागरला त्यांच्या सोसायटीच्या गेटपर्यंत नेली आणि तशीच परत आणली. रिक्षावाला म्हणाला, काय विसरलात का. मी हो म्हटलं.

काय सांगू त्यांना? मॅडम, मी तुमच्या घरात विष ठेवलंय, आणि मला कसं कळलं तर माझा हात हलतो म्हणून. एका वाक्यात दोन्ही. ३१ मार्चला पंचवीस दिवस राहिलेत. त्यांचं खुर्चीचं ठरवून झालं की मग जाते. चालेल?

आत्या

*

रावेत, ८ मार्च

ती. आत्या,

चालणार नाही.

त्यांच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. माझ्यासाठी जे चौदा आहे ते तिच्यासाठी चौदा नसतं, जास्त असतं. पंचवीस दिवस ही मुदत तुझ्या सोयीची आहे, तिच्या नाही. हे कठोर वाटेल. मी तीनदा सौम्य लिहून पाहिलं, अर्थ बदलत होता.

मी त्यांना कळवणार नाही. ते तू करायचं आहेस.

खुर्ची गेली तर काय, हे मी एकाही पत्रात लिहिलं नाही. कारण मला उत्तर माहीत नाही आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही. एवढं माहीत आहे की आत येणं थांबलं तर पारा हळूहळू बाहेर जातो. हात पूर्ण थांबेल की थोडा हलत राहील, हे आज कोणीही सांगू शकत नाही. पण लपवून त्याच खोलीत, त्याच खुर्चीपाशी उभी राहिलीस तर तो नक्की वाढेल. मग डॉक्टर अरुंधतींना ठरवावं लागणारच नाही.

शनिवारी, पंधराला, मी रजा टाकली आहे. अकरा वाजता त्यांच्या सोसायटीच्या गेटपाशी असेन, यंत्र घेऊन. वर येणार नाही. तू फोन केलास तर येईन.

तू मला दर वर्षी गहू भरून द्यायला बस बदलून रावेतला येतेस. हे मी मोजलेलं नाही, पण लक्षात आहे.

अबोली

*

दिघी, १८ मार्च

चि. अबोली,

तू खाली उभी होतीस तेव्हा वर काय झालं ते तू विचारलं नाहीस. नंतर यंत्र घेऊन वर आलीस, स्वयंपाकघर मोजलंस, आणि मग आपण मिसळ खाऊन घरी आलो. तू फक्त म्हणालीस की तर्री चांगली आहे. म्हणून आता लिहिते.

दार त्यांनीच उघडलं. मी बसलेच नाही. म्हटलं, मॅडम, तुमच्या कोठीतली पुरचुंडी न्यायला आले. त्या म्हणाल्या, "का, नवी देणार?" मी म्हटलं, नाही, ती चांदी नाही, म्हणजे अर्धी आहे, अर्धा पारा आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आत गेल्या, हातमोजे घातले, पुरचुंडी काढून माझ्या बरणीत टाकली. मुलीला शेजारी पाठवलं. मग म्हणाल्या, "हात पुढे करा."

मी केले. दोन्ही.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि बाबांचा?"

"त्यांचा जास्त हलतो. पण ते डॉक्टर आहेत, त्यांना कोण विचारणार."

त्या खाली बसल्या. बरणीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं बाबा घेतात. तीन महिने मी दवाखान्याच्या कपाटात बाटली शोधतेय. सापडली ती पाऱ्याची." मी विचारलं, "आणि माझं काय वाटलं?" तर म्हणाल्या, "सोबत देत असाल."

अबोली, सत्तावीस वर्षांत मी उसाचा रस सोडून काही प्यायलेली नाही. इतका राग आला की हात थांबला होता की काय देव जाणे.

मग त्यांनी सांगितलं. चांदी भरणं सोमवारपासून बंद. दवाखान्याची खिडकी आता उघडी राहणार. अण्णासाहेबांची आणि मॅडमच्या मुलीचीही तपासणी. आणि मी खुर्चीपाशी उभी राहणार नाही. पगार तोच, काम हत्यारं उकळायच्या खोलीत. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "आकडा वीसच्या खाली येऊ दे आणि हात मला दिसू दे. तोवर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही." तुम्ही दोघी एकाच साच्यातल्या आहात.

अण्णासाहेबांचा आकडा आला, एकसष्ट. ते दिव्याला सांगत होते की सगळ्यांत जास्त माझाच आहे.

आता माझ्या जागी एक नवी मुलगी उभी असते. नळी गालात घालते, थुंकी दुसरीकडेच साचते. दाराच्या फटीतून मला दिसतं. मी हत्यारं मोजते, पुन्हा मोजते.

आत्या

*

रावेत, ३० जून

ती. आत्या,

आकडे आले. तुझा १७. माझा ५. डॉक्टर अरुंधतींच्या मुलीचा मार्चमध्ये ६ होता, आता २. अण्णासाहेबांचा ३२. तो मी कळवणार नव्हते, पण त्यांनी स्वतःच मला फोन करून विचारलं की इंदुताईंपेक्षा जास्त आहे ना.

तुझ्या सहा गोगलगायी मी ओळीने भिंतीवर लावल्या आहेत. फेब्रुवारीतली आणि जूनमधली शेजारी ठेवल्या तर फरक कोणालाही दिसेल. बाहेरच्या वेढ्यात अजून बारीक कंप आहे. मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं की बरंच गेलं आहे, थोडं राहील कदाचित. मी जसं आहे तसं लिहिते.

सतरा हा आकडा वीसच्या खाली आहे. पण खुर्चीचा निर्णय आकड्याचा नाही, तो डॉक्टर अरुंधतींचा आहे. मी त्यांच्याशी याबद्दल बोललेले नाही आणि बोलणार नाही. बोलावंसं वाटलं होतं.

अबोली

*

दिघी, १२ जुलै

चि. अबोली,

परवा सकाळी मी हत्यारं लावत होते तेव्हा मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, "इंदुताई, अकराच्या पेशंटला तुम्ही उभ्या राहा." एवढंच. मी विचारलं नाही पेशंट कोण. हात दोनदा धुतले, मग तिसऱ्यांदा धुतले.

बाहेर गेले तर खुर्चीत अण्णासाहेब. खालची डावी दाढ. एप्रिलपासून ते पेशंट बघत नाहीत. दिव्याशेजारी बसून तारखांची कार्डं लिहितात आणि लोक ती घेऊन तारीख परत विचारायला येतात. मला बघून ते सुनेला म्हणाले, "या उभ्या राहणार?" मॅडम म्हणाल्या, "हो. आ करा."

पाऊण तास लागला. मी नळी धरली होती, मग गाल बाजूला धरला, मग दिवा धरला. ते दाढेकडे लक्ष देतच नव्हते. डोळे फिरवून सारखे माझ्या हाताकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मॅडम एकदाही माझ्याकडे वळल्या नाहीत. जे मागितलं ते त्यांच्या हातात गेलं. एकदा करंगळी हलली. फक्त करंगळी. ती मी आत दुमडली.

झाल्यावर अण्णासाहेबांनी चूळ भरली, आरसा मागितला, पांढरं भरलेलं बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "किती टिकणार हे?"

मॅडम म्हणाल्या, "सात-आठ वर्षं."

"माझी चांदी पंधरा टिकते."

मला बोलायचं नव्हतं गं. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "अण्णासाहेब, तुम्ही एक्याऐंशीचे आहात. सात-आठ पुरेत."

 दिव्या दारात येऊन थांबली होती. मला वाटलं, संपलं, आता हत्यारांच्या खोलीतूनही जाणार. अण्णासाहेब हळूहळू खुर्चीतून उतरले, चपला शोधल्या, दारापर्यंत गेले, आणि मागे न बघता सुनेला म्हणाले, "यांना खुर्चीपाशीच ठेव. हात थांबलाय. जिभेवर औषध नाही."

सोमवारी नऊला खुर्चीपाशी ड्यूटी आहे.

तुझी आत्या